डबल मार्करमधला पॅप-ए पण बघा

डबल मार्कर (गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीतली रक्ततपासणी) फक्त डाऊन सिंड्रोमसाठी, लो रिस्क आलं की विषय संपला असं काही जण म्हणतात, ते अर्धंच बरोबर आहे. त्याच रिपोर्टमध्ये पॅप-ए नावाचं प्रोटीन असतं, ते वारेतून (प्लॅसेंटातून) येतं, आणि बाळाचे क्रोमोसोम नॉर्मल असले तरी त्याचा आकडा ०.४ एमओएमच्या (म्हणजे तेवढ्याच आठवड्यांच्या गरोदरपणातल्या मधल्या पातळीच्या ०.४ पट) खाली असेल तर पुढे बाळाची वाढ कमी राहण्याची शक्यता वाढते. माझ्या वहिनीच्या रिपोर्टवर वर ठळक 'लो रिस्क' आणि हा आकडा खाली बारीक अक्षरात, डॉक्टरांनी पेनने गोल केला म्हणून कळलं, मग शेवटच्या तिमाहीत ग्रोथ स्कॅन आणि डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) नेमाने केले.

पण नुसता आकडा कमी आला म्हणून घाबरू नका प्लीज, अशा बऱ्याच जणींची बाळं व्यवस्थित वाढतात. वाढ कमी असल्याचं निदान सोनोग्राफीवरच होतं, रक्तावरून फक्त कोणावर जास्त लक्ष ठेवायचं ते कळतं.