आरतीपुरती काशी?
कुणीतरी म्हटलंय की दशाश्वमेध घाटावरची गंगेची आरती बघितली की काशी झाली, हे काही पटलं नाही बुवा. आरती भारीच, पण गर्दीत दिसतात ते पुढच्यांचे मोबाईल. त्यापेक्षा पहाटे मणिकर्णिका घाटाला लागूनच असलेल्या सिंधिया घाटावर जा, तिथलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ चक्क एका बाजूला कललंय आणि पावसाळ्यात गाभाऱ्यात गंगाच शिरते, आम्ही पाणी उतरल्यावर गेलो तर उंबऱ्याशी घोटाभर गाळ! तिथून तसंच भोसले घाटावरून पंचगंगा घाटापर्यंत चालत जायचं.

आणि हिवाळ्यात असाल तर चौखंभा भागात मातीच्या कुल्हडातली मलइयो, म्हणजे दुधाचा केशरी फेस, जिभेवर ठेवला की गायब. सकाळीच गाठा, उन्हात टिकत नाही ती.