गाडीच्या काचा: बाटलीतलं क्लीनर की बॅटरीचं पाणी?

जुळे_सोलापूर
उन्हाळा लागला की 'चांगलं ग्लास क्लीनर सुचवा' हा प्रश्न येतो आणि उत्तरात चार बाटल्यांची नावं येतात. माझं मत जरा उलटं आहे. आपल्याकडे काचेवर ओघळ उठतात, पांढरे ठिपके बसतात, त्यात बाटलीचा दोष थोडा. खरा घोळ बोअरच्या पाण्याचा आणि तापलेल्या काचेचा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब काचेवर वाळला की पाणी उडतं, क्षार जागच्या जागी बसतो. गीझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या काठाला धरतो तोच हा थर.

म्हणून महागडी बाटली घेण्याआधी बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन आणा. लेबल वाचूनच घ्या, त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही ठेवलेलं असतं. एक लिटरचं प्रमाण असं: डिस्टिल्ड वॉटर ८५० मिली, आयसोप्रोपिल अल्कोहोल १०० मिली, पांढरं व्हिनेगर ५० मिली. अल्कोहोल म्हणजे मोबाइल दुरुस्तीवाले बोर्ड धुवायला वापरतात ते. व्हिनेगर किराण्यातलं पांढरं सिंथेटिक. सफरचंदाचं तपकिरी नको, त्याचा रंग आणि गर काचेवर राहतो. वेळ सकाळी साडेसातच्या आत किंवा दिवस मावळल्यावर. काचेला हाताची मागची बाजू लावा, चटका वाटला तर बाटली उघडूच नका.

होटगीरोड_डिटेलिंग
पाण्याचा मुद्दा मान्य. पुढचं मान्य नाही. तुमच्या मिश्रणात मळ उचलून धरणारा घटकच नाही. हायवेला ट्रकच्या मागे चाललेल्या गाडीच्या पुढच्या काचेवर नुसती धूळ नसते, तिच्यावर डिझेलच्या धुराचा तेलकट पापुद्रा असतो. व्हिनेगर क्षार विरघळवतं, तेलाला ते काहीच करत नाही. अल्कोहोल तेल सोडवतं, पण १ लिटरात १०० मिली म्हणजे फार पातळ, आणि आपल्या हवेत ते कापड पोचायच्या आधी उडून जातं. सुटलेलं तेल परत काचेवर बसतं, रात्री समोरच्या गाडीचा दिवा आला की तेच इंद्रधनुष्यासारखं चमकतं.

तयार क्लीनरमध्ये ओलावा पसरवणारा घटक मोजून घातलेला असतो, शिवाय बऱ्याच बाटल्यांत अल्कोहोलपेक्षा सावकाश उडणारा सॉल्व्हंट असतो. पैसे त्याचेच द्यायचे. आणि खर्चाचं म्हणाल तर स्प्रेच्या एका दाबाला साधारण एक मिली जातं. पुढच्या काचेला सहा दाब, चारही दारं आणि मागची धरून वीस. ५०० मिलीची बाटली आठवड्यातून एकदा वापरली तर पाच-सहा महिने पुरते. एवढ्यासाठी घरात प्रयोगशाळा कशाला?

जुळे_सोलापूर
> तुमच्या मिश्रणात मळ उचलून धरणारा घटकच नाही

लिटरला दोन थेंब भांड्याचं लिक्विड टाका. झालं.

होटगीरोड_डिटेलिंग
दोन थेंब तुम्ही लिहिता, लोक दोन चमचे टाकतात. मग जो पांढुरका पट्टा राहतो तो क्षाराचा नाही, साबणाचा. ड्रॉपर वापरणार असाल तर हरकत नाही.

पेपर_कालचा
एवढी केमिस्ट्री कशाला? साधं पाणी आणि कालचा पेपर. पेपराने धागे सुटत नाहीत, काच लखलखते. घरोघरी आरसे असेच पुसले जातात.

काळी_काच_नको
घरचा आरसा स्वच्छच असतो, त्याच्यावर टेंभुर्णी ते सोलापूरची धूळ नसते. वाळूतला क्वार्ट्झचा कण कठीणतेत दहापैकी ७, काच साडेपाच ते सहा. म्हणजे कण काचेला ओरखडा काढू शकतो, काच कणाला नाही. पेपरला लव नाही, त्यामुळे कण आत लपायला जागा नाही. तो कागद आणि काच यांच्यामध्ये फिरत राहतो. शिवाय शाई दाराच्या रबरी पट्टीला आणि फिकट रंगाच्या आतल्या अस्तराला लागते. आतून फिल्म असेल तर पेपर अजिबात नको. फिल्म प्लास्टिकची असते, काचेपेक्षा कितीतरी मऊ.

फिल्मवाल्यांसाठी आणखी एक. बाटली उघडल्यावर नाकात झोंबलं तर अमोनियाची शंका घ्या आणि लेबल बघा. फिल्मवर अमोनिया नको, सततच्या वापराने तिचा रंग आणि चिकट थर दोन्ही खराब होतात. कडा सुटतात, फुगे येतात. नवी फिल्म लावल्यावर बसवणाऱ्याने सांगितलेले दिवस काच खाली-वर करू नका, पुसूही नका. नियमही माहीत असू द्या: पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे.

मागच्या काचेवर आतून तांबूस आडव्या रेषा दिसतात ना, त्या वाफ घालवणाऱ्या हीटरच्या. तिथे कापड रेषांच्या दिशेनेच, आडवं. उभं घासून एखादी रेषा तुटली की तेवढ्या पट्ट्यातली वाफ जात नाही.

बे_काय_करूलालास
पण बे, सकाळी सगळे काय करूलालेत बघा की. डिकीतून फडकं काढायचं, कोरडंच फिरवायचं, चालले कामाला. लिक्विडवर भांडण नंतर करा, आधी ते कोरडं फडकं बंद करा. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतंय, गाडीला बादली कोण देणार?

जुळे_सोलापूर
मुद्द्याचं बोललात. बादली लागत नाही. अर्धा लिटरची स्प्रे बाटली साध्या पाण्याने भरा, पुढच्या काचेवर वरून खाली पंचवीस-तीस दाब मारा, अर्धा मिनिट थांबा, धूळ ओघळून खाली येऊ द्या. मग ओलं कापड एकदाच वरून खाली, न दाबता. प्रत्येक ओढीला घडी बदला. चौकोनी कापडाची दोनदा घडी घातली की आठ स्वच्छ बाजू मिळतात. क्लीनर त्यानंतर.

आणि एसीच्या पाइपातून गळणारं पाणी फेकू नका. हवेतली वाफ थंड कॉइलवर जमून ते होतं, म्हणून त्यात क्षार जवळपास नसतात. कॉइलवरची धूळ मात्र येते. सुती कापडातून गाळा आणि आठ दिवसांच्या आत वापरा, जास्त ठेवलं तर वास धरतं. काचेच्या शेवटच्या हाताला हे आरओच्या पाण्यापेक्षा सरस. आरओ केलं तरी पाण्यात थोडे क्षार उरतातच.

होटगीरोड_डिटेलिंग
एसीचं पाणी काचेला चालेल. इन्व्हर्टरच्या बॅटरीत कुणी ओतू नका म्हणजे झालं.

लूमच्या_गल्लीतून
कापडाबद्दल कुणीच नीट बोललं नाही, म्हणून लिहितो. गावात सोलापुरी टॉवेल घरटी दहा निघतील, आणि तरी बाजारातून मायक्रोफायबर आणायचं? टेरी टॉवेलच्या उभ्या लूपमध्ये धूळ आत शिरते, काचेवर घासत नाही. पहिला ओला हात मारायला याच्यासारखं कापड नाही. फक्त नवा टॉवेल घेऊ नका. नव्याला कांजी असते आणि मऊपणासाठी फिनिश दिलेलं असतं, तो पाणी पितच नाही, उलट चरबट पट्टे ओढतो. दोन-तीन वेळा गरम पाण्यात धुऊन कांजी काढा, किंवा सरळ जुना, वर्षभर वापरलेला नॅपकिन घ्या. किनार आणि लेबल कापून टाका, ओरखडा तिथल्या जाड शिलाईने येतो.

होटगीरोड_डिटेलिंग
पहिल्या हाताला टॉवेल, कबूल. शेवटच्या हाताला नाही. कापसाचा आखूड धागा सुटतोच, आणि कोरड्या हवेत काच घासली की ती स्थिर विजेने भारते, सुटलेला तंतू तिथेच चिकटतो. शेवटी काचेसाठीचं मायक्रोफायबर, बारीक चौकटीच्या विणीचं, २५० ते ३०० जीएसएम. गुबगुबीत ६०० जीएसएमचं रंगासाठी ठेवा, काचेवर ते ओल धरून बसतं आणि पट्टे सोडतं.

लूमच्या_गल्लीतून
जीएसएम म्हणजे चौरस मीटरचं वजन, एवढंच. वीण न सांगता नुसता आकडा सांगून उपयोग नाही. तुम्ही दोन्ही सांगितलं म्हणून वाद घालत नाही. पण मायक्रोफायबर धुवायचं कसं तेही सांगा, लोक ते टॉवेलबरोबर मशीनमध्ये टाकतात. मग टॉवेलचा सगळा कापूस त्याच्या सुतात अडकतो. वेगळं धुवा, साठ अंशांच्या आतल्या पाण्यात. कपडे मऊ करणारं लिक्विड नको, त्याचा मेणासारखा थर सुतावर बसतो आणि तोच पुढच्या वेळी काचेवर उतरतो. इस्त्री तर नाहीच. पॉलिएस्टर आहे, टोकं वितळून कडक होतात.

पेपर_कालचा
बरं, बाहेरून पेपर नको. आतून तर चालेल? आत कुठे आलीये वाळू.

होटगीरोड_डिटेलिंग
आतलं दुखणं वेगळं आहे. दुपारी उन्हात बंद गाडी उभी राहिली की डॅशबोर्ड आणि रेक्झिनच्या सीट कव्हरमधून प्लास्टिक मऊ ठेवणारी द्रव्यं वाफ होऊन निघतात आणि काचेच्या आतल्या बाजूला बसतात. नवीन गाडीत हे जास्त. त्यात कुणी डॅशबोर्डला चकाकीचं सिलिकॉनचं पॉलिश मारलं की बघायलाच नको. हा थर दिवसा दिसत नाही. काचेवर तोंडाची वाफ सोडा, हात कुठून कसा फिरला त्याचा नकाशा उमटतो.

इथे तुमचं अल्कोहोल खरं कामाचं, पण १०० मिलीने भागणार नाही. अर्धं अल्कोहोल, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. व्हिनेगर आत नको, आत क्षार नसतोच आणि वास दोन दिवस जात नाही. फवारा काचेवर मारायचा नाही, कापडावर मारायचा. काचेवर मारला तर ओघळ खाली डॅशबोर्डच्या फटीत आणि एसीच्या जाळीत जातो. आरशामागे कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल तर त्याच्यावरही. पहिलं कापड थर सोडवायला, दुसरं कोरडं लगेच मागोमाग. काच एकदम पूर्ण घेऊ नका, अर्धी-अर्धी घ्या. खालच्या कोपऱ्यात हात वळत नाही, तिथे कापड रंगाऱ्याच्या प्लास्टिकच्या पट्टीला गुंडाळून सरकवा. सगळ्यात शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचा एक हात. अल्कोहोल पेट घेणारं आहे, दारं उघडी ठेवा आणि बाटली गाडीत ठेवून जाऊ नका, मेमध्ये तर नाहीच.

जुळे_सोलापूर
म्हणजे आतून घरचं मिश्रण, बाहेरून तुमची बाटली. अर्धी लढाई मी जिंकलो की!

होटगीरोड_डिटेलिंग
तेवढी घ्या. आतून आडवा हात, बाहेरून उभा हात एवढं मात्र पाळा. मग उरलेला पट्टा आडवा की उभा, त्यावरून तो कुठल्या बाजूला आहे ते बसल्या जागी कळतं.

बे_काय_करूलालास
वायपरच्या टाकीत काय घालायचं? आमच्या गल्लीत कपड्याची पावडर घालूलालेत.

काळी_काच_नको
पावडर घालू नका. बोअरचं पाणी आणि पावडर मिळून गाळ होतो, तो नळीच्या टोकाच्या बारीक छिद्रात बसतो. फवारा वाकडा उडायला लागतो, मग बंद. टाकी साधारण दोन-तीन लिटरची असते. एसीचं गाळलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी भरा, त्यात टाकीचं मिळणारं तयार लिक्विड लेबलवरच्या मापाने घाला. छिद्र बुजलंच तर शिवणकामाच्या सुईने हलकेच मोकळं करा. ओढाताण केली तर फवाऱ्याची दिशा बदलते आणि पाणी टपावर जातं.

नवी_पेठ_पार्किंग
वर्षानुवर्षांचे पांढरे ठिपके आहेत, मिश्रणाने हलत नाहीत. दुकानदार टॉयलेट क्लीनर लावा म्हणतो. लावू का?

होटगीरोड_डिटेलिंग
नाही. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. काचेला ते फार काही करणार नाही, पण ओघळून क्रोमच्या पट्टीला, ॲल्युमिनियमला आणि बॉनेटच्या रंगाला लागेल. त्याहून वाईट म्हणजे फ्लोराइड असलेलं चाकांचं क्लीनर, ते काचच खातं. काच धुरकट झाली की ती परत येत नाही.

आधी ठिपका कुठल्या प्रकारचा ते बघा. पाणी न मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये कापड भिजवून सावलीत ठिपक्यांवर दहा मिनिटं चिकटवून ठेवा. वाळायला लागलं तर वरून परत ओलं करा. मग डिस्टिल्ड वॉटरने धुवा. गेला तर नुसता क्षार होता. फिका झाला पण गेला नाही तर अजून दोनदा करा. काच सुकल्यावर ठिपक्याची गोल कडा तशीच दिसत राहिली तर तो काचेत उतरला आहे, तिथे कुठलीच बाटली चालणार नाही, माझीही नाही आणि जुळे सोलापूरवाल्यांचीही नाही.

मग सिरियम ऑक्साइड, म्हणजे काच पॉलिश करायची पावडर. पावडर पाण्यात कालवून ताकाएवढी सैल करायची, नमद्याच्या पॅडने, मशीन सगळ्यात कमी वेगावर. एका वेळी फूटभर चौकोन, पाच मिनिटं, सतत ओलं ठेवून. मधेमधे हात लावून बघा, काच गरम लागली की थांबा. पुढची काच दोन थरांची असते, मधे प्लास्टिकचा पापुद्रा. एकाच जागी तापली तर तडा जातो. आणि ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर एकाच ठिकाणी रेटून घासू नका. तिथे खोलगट झालं की भिंगासारखं वाकडं दिसतं. वायपरने पडलेला ओरखडा नखाला लागत असेल तर पॉलिशच्या भानगडीत पडू नका, काच बदला.

लूमच्या_गल्लीतून
काच बदलाल आणि वायपर जुनाच ठेवाल. रबराच्या पात्याची कड ओल्या कापडाच्या चिमटीत धरून एकदा पूर्ण लांब ओढा. आधी काळं निघेल, मग कमी. चौथ्या-पाचव्या ओढीलाही तेवढंच काळं येत असेल किंवा कड बोटाला खरबरीत लागत असेल, तर उन्हाने रबर गेलंय. पाऊस पडायच्या आधी, मेअखेरीला नवं टाका.