डीव्हीडी प्लेअर जोडला, पण मागचे स्पीकर गप्प

नाट्यवेडी_सांगली: बाबांनी जमवलेल्या नाटक-सिनेमांच्या डीव्हीडी नीट ऐकायच्या आहेत. ॲम्प्लिफायर ५.१ (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सब-वूफर) आहे, पण त्याला एचडीएमआय नाही. प्लेअरची लाल-पांढरी वायर लावली आहे. मागून आवाजच येत नाही. नवा प्लेअर घेऊ का?

जुना_रेडिओ: थांबा, पैसे घालवू नका! लाल-पांढऱ्या वायरीतून दोनच चॅनल (डावा-उजवा आवाज) जातात. प्लेअरच्या मागे डिजिटल आवाजाची ‘कोॲक्शियल’ किंवा ‘ऑप्टिकल’ जोडणी असेल, ते ॲम्प्लिफायरला जोडा. मग सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वरून ‘बिटस्ट्रीम’ करा, म्हणजे डिस्कवरचा आवाज जसाच्या तसा ॲम्प्लिफायरकडे जाईल. काही प्लेअरवर ‘रॉ’ लिहिलेलं असतं. हे राहिलं तर वायर बदलूनही दोनच चॅनल. चित्राची वायर थेट टीव्हीला. आणि डिस्कचं वेष्टन बघा. ‘डॉल्बी डिजिटल २.०’ असेल तर मागच्या स्पीकरसाठी त्यात वेगळा आवाजच नाही. नाटकाला तेच शोभतं, संवाद समोरूनच यावेत.

पुणेकर७२: पुढेमागे घ्यायचाच तर ब्लू-रे प्लेअर घ्या, डीव्हीडीही चालतात. डीव्हीडीचा रीजन (डिस्क कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालेल त्याचा क्रमांक) तपासा: भारताचा ५, अमेरिकेचा १.

नाट्यवेडी_सांगली: कोॲक्शियल सापडलं! सिनेमा लावला, मागून पाऊस ऐकू आला. सब-वूफर मात्र घुमतोय.

जुना_रेडिओ: कोपऱ्यात असेल तर भिंतीपासून पुढे ओढा.