समलिंगी हक्क संघटनेचं मराठी वार्तापत्र सहा जिल्ह्यांत कसं पोहोचवावं?

नदीकाठ:
आमची गे आणि लेस्बियन हक्कांसाठी काम करणारी संघटना पुण्यात आहे. कोल्हापूर, सांगली, नाशिक, लातूर आणि नागपूरला छोटे गट आहेत. सध्या प्रत्येक गट आपापले व्हॉट्सॲप मेसेज फिरवतो. एकच कोर्टाची बातमी पाच तऱ्हेने पोहोचते आणि त्यातल्या दोन चुकीच्या असतात. सगळ्यांचं मिळून एक मासिक वार्तापत्र काढायचं आहे. वाचक साधारण दीड-दोन हजार, त्यातले बरेचसे घरी काहीही न सांगितलेले. ईमेल ठेवावा की व्हॉट्सॲप? पत्त्यांची यादी कुणाकडे असावी? आणि थोड्या प्रती छापल्या तर नोंदणी लागते का?

पत्ताकोश:
सुरुवात यादीपासून करा, मजकुराचं नंतर बघता येईल. मजकूर सगळ्यांचा, पण यादी कुणा एकाच्या फोनमध्ये नको. गूगल शीटची लिंक जिल्हा प्रतिनिधींना पाठवणं हा सर्वांत धोक्याचा प्रकार. लिंक पुढे गेली की दोन हजार जणांची ओळख उघडी पडते आणि ती परत झाकता येत नाही.

लिस्टमंक हे वार्तापत्र पाठवायचं मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवा. चौथ्या आवृत्तीपासून त्यात यादीनिहाय परवानग्या देता येतात, म्हणजे लातूरच्या कार्यकर्त्याला लातूरचीच यादी दिसेल. संपूर्ण यादीचा प्रवेश दोघांकडेच ठेवा. पत्र पाठवायला ॲमेझॉन एसईएस ही घाऊक ईमेलची सेवा परवडते, हजार मेलला 0.10 डॉलर. नवं खातं आधी चाचणी मर्यादेत असतं, दिवसाला 200 मेल आणि तेही पडताळलेल्या पत्त्यांवरच. ती मर्यादा उठवायचा अर्ज पहिल्या अंकाच्या बऱ्याच आधी करा. डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी हव्यात (पत्र खरंच आपल्याच डोमेनचं आहे हे त्या दाखवतात), नाहीतर जीमेल स्पॅममध्ये टाकू शकतं.

फॉर्ममध्ये ईमेल आणि जिल्हा एवढंच विचारा. नाव, वय, लैंगिकता यांची पत्र पाठवायला गरजच नाही. जे साठवलं नाही ते फुटतही नाही. नोंदणीनंतर खात्रीची लिंक पाठवायचीच, कारण कुणीतरी खोडसाळपणे दुसऱ्याचा पत्ता टाकतो. म्हणूनच त्या खात्रीच्या मेलमध्येही संघटनेचं काम उघड करणारा शब्द नको. प्रेषकाचं नाव आणि विषयाची ओळ साधी ठेवा, उदा. 'मार्च अंक'. लॉक स्क्रीनवर तेच दिसतं, कधी मजकुराची पहिली ओळही, म्हणून तीही साधी ठेवा.

पत्र कुणी उघडलं आणि कुठे क्लिक केलं याची मोजणी बंद करा. साच्यातली ट्रॅकव्ह्यूची ओळ काढून टाका. कोण कधी काय वाचतो याची नोंद आपल्याकडे नसलेलीच बरी.

शेवटचं म्हणजे 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती सांगितली आहे. आपल्या बाबतीत ती मागणं म्हणजे त्या मुलाला घरात उघडं पाडणं. नोंदणी 18 वर्षांवरच्यांसाठीच ठेवा आणि अंक वेबवर सर्वांना खुला ठेवा.

शाईकाम:
देवनागरीची एक अडचण आधीच लक्षात घ्या. जीमेल 102 केबीपेक्षा मोठं पत्र मध्येच कापतं. यूटीएफ-8 मध्ये (मजकूर साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रासुद्धा वेगळे मोजले जातात. 1,500 शब्दांचा मजकूरच 30 केबीच्या आसपास जातो. त्यावर तयार साच्याचे 50-60 केबी आले की पत्र काठावर येतं आणि कापली जाते ती तळाची 'नाव काढा' लिंक. नाव काढता आलं नाही की माणूस घाबरून स्पॅमचं बटण दाबतो. म्हणून एका रकान्याचा साधा साचा, 1,200 शब्दांपर्यंत मजकूर आणि 'नाव काढा' वरच्या बाजूलाही. मजकूर युनिकोडमध्येच मागवा. श्रीलिपीच्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून चिकटवलेली मराठी मेलमध्ये अगम्य चिन्हं होऊन येते.

छपाईबद्दल. 1 मार्च 2024पासून प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पिरियॉडिकल्स कायदा लागू आहे. सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरची टिप्पणी ठरावीक काळाने छापणार असाल तर प्रेस रजिस्ट्रार जनरलकडे नोंदणी लागते, अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर. 'खासगी वितरणासाठी' असं छापलं की झालं, हा समज धरून चालू नका. वकिलाला नमुना अंक दाखवा.

पुण्याहून गठ्ठे पाठवू नका. काळी-पांढरी पीडीएफ पाठवा आणि प्रत्येक गटाने गावातच झेरॉक्स काढावी. ए3 कागद मध्ये दुमडला की ए4ची चार पानं होतात, त्यामुळे पानं चारच्या पटीत. चारही बाजूंना 10 मिमी समास सोडा, झेरॉक्स यंत्र कडेपर्यंत छापत नाही. पीडीएफच्या माहितीत लेखकाचं नाव राहून जातं, ते पुसा. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून आला असेल तर ठिकाणाची नोंदही त्याच्यासोबत येते.

दोनप्रहर:
संपादनाचं वेळापत्रक: 5 तारखेपर्यंत प्रत्येक गटाकडून 150 शब्द, 8ला संपादन, 10ला कायद्याच्या मजकुराची तपासणी, 12ला चाचणी मेल, 13ला पाठवणी. उशिरा आलेलं पुढच्या अंकात. एका गटासाठी थांबलात की पुढच्या महिन्यात सगळेच थांबवतात.

बातमीतलं नाव बदलणं पुरेसं नाही. तालुका, कॉलेज आणि वय एकत्र आलं की गाव माणूस ओळखतं. तिन्हींपैकी एकच ठेवा.

अंकातली जागा कोर्टाच्या निकालांच्या कौतुकावर घालवू नका, वापरता येईल अशी माहिती द्या. 17 ऑक्टोबर 2023च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, हे स्पष्ट लिहा. मग ऑगस्ट 2024मधलं केंद्राचं स्पष्टीकरण सांगा: समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही. शाखेत कोणता फॉर्म मागायचा, नकार दिला तर लेखी कारण कसं मागायचं, हे चार ओळींत लिहिलं तर लातूरच्या वाचकाला त्याचा उपयोग होतो.

नदीकाठ:
खूप आभार. व्हॉट्सॲपचं मात्र राहिलं. आमच्याकडच्या बऱ्याच मुली ईमेल उघडतच नाहीत, आणि काहींचा फोन घरात सगळेच हाताळतात.

पत्ताकोश:
ग्रुप नको, त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. ब्रॉडकास्ट यादीत 256 जणांची मर्यादा, शिवाय ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो. म्हणजे तिच्या फोनमध्ये तुमचं नाव आलंच. चॅनल त्यातल्या त्यात बरं: फॉलो करणाऱ्यांना एकमेकींचे नंबर दिसत नाहीत. पण चॅनलचं नाव आणि चित्र अपडेट्समध्ये दिसतं, तेही साधं ठेवा. बल्क एसएमएसच्या नादी लागू नका, डीएलटी नोंदणी (घाऊक एसएमएस पाठवणाऱ्यांना सक्तीची), टेम्प्लेटची मंजुरी, आणि देवनागरीत एका मेसेजला 70च अक्षरं.

दोनप्रहर:
फोन सामायिक असेल तिथे कशाचीच नोंदणी नको. अंकाचं पान प्रत्येक महिन्याला एकाच, तोंडपाठ होईल अशा छोट्या पत्त्यावर ठेवा. ती खासगी विंडोत पत्ता टाइप करून वाचेल आणि बंद करेल. पानाच्या वर 'लगेच बाहेर पडा' असं बटण द्या, दाबलं की हवामानाचं पान उघडेल असं. मात्र त्या बटणाने ब्राउझरची हिस्टरी पुसली जात नाही, हे त्याच्या शेजारीच लिहा.