मदत हवी आहे: हलगी आणि गमलियेल

सर्वांना सलाम. आमच्या कोल्हापुरातल्या मंडळीत (चर्चमध्ये) तरुण संघानं सुचवलं, नाताळच्या उपासनेत पेटीबरोबर हलगी वाजवूया. एक काका टोपी उचलून थेट बाहेर! 'मिरवणूक आहे काय?' दोघं हसले, एक मावशी म्हणाल्या, 'आधी वाजवून दाखवा की.'

मला बायबलमधलं अथेनै (अथेन्स शहर) आठवलं. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा अध्याय 17: मेलेल्यांच्या पुनरुत्थानाबद्दल ऐकून काहींनी प्रेषित पौलाची थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा ऐकू, थोडक्यांनी विश्वास ठेवला. अध्याय 5 मधला, प्रेषितांच्या कामाबद्दल गमलियेल या यहुदी धर्मशिक्षकानं दिलेला सल्लाही आहेच: हे काम माणसांचं असेल तर आपोआप मोडेल, देवाचं असेल तर तुम्हाला मोडता येणार नाही. पण तो हलगीला लावणं म्हणजे जरा ओढूनताणूनच, नाही का?

रविवारी वडीलमंडळींपुढं दहा मिनिटं बोलायचंय. काकांना न दुखावता सुरुवात कशी करू? तुमच्याकडं असं झालंय का?