बहर ओसरल्यावर तुमचं झाड काय देतं? (अनुभव धागा)

दारात शोभेचं झाड लावायचं म्हटलं की हल्ली चेरी ब्लॉसमची चौकशी होते. झाड खरंच देखणं आहे. फुलं आठवडा-दोन आठवड्यांची, पण पानगळीआधी पानं केशरी-तांबडी होतात आणि आडव्या रेषांची तुकतुकीत साल उघड्या झाडावरही शोभते. मात्र कळ्या फुटायला लांबलचक कडक थंडी लागते, आणि आपल्या सातारा-सांगलीचा हिवाळा तेवढा कुठला? तर बारा महिने बघावंसं वाटतं असं कुठलं झाड तुमच्याकडे आहे, ते लिहा. फुलांपुरतं थांबू नका.

सांगली, नदीकडचा भाग
ताम्हण! राज्यफूल म्हणून नव्हे, ओढ्याकाठचं झाड म्हणून लावलं. २०१९ च्या महापुरात परसात पाणी तुंबलं, पपई आणि शेवगा कुजले, हे तगलं. एप्रिल-मेमध्ये जांभळे तुरे येतात. फूल जवळून बघा, पाकळी क्रेपच्या कागदासारखी चुणीदार असते. तुऱ्यात खालची फुलं आधी उमलतात, त्यामुळे शेंड्याच्या कळ्या फुटेतो खालची फिकी पडलेली असतात; एकाच तुऱ्यात जांभळ्याच्या चार छटा. पावसाळ्यात हिरवी बोंडं. ती वाळून टणक झाली की तडकतात, आतलं पंखवालं बी वाऱ्यावर जातं, आणि रिकामी बोंडं महिनोन्‌महिने फांदीवरच. थंडी सरता सरता पानं तांबूस होऊन गळतात. माझ्या मते चेरीची हौस इथे हेच झाड भागवतं.

विटा
ताम्हणाला ओल लागते हो. आमच्या माळावर ते खुरटलंच. त्या जागी रक्तकांचन लावला, तो दिवाळीनंतर फुलतो, तेव्हा बाकी बाग सुनी असते.

सातारा, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी
आमचा बहावा. मुरमात वाढलाय. पिवळे घोस सगळ्यांना ठाऊक आहेत, मला मात्र पावसाळ्यातला बहावा जास्त आवडतो. कोवळ्या पानांवर हिरव्या अळ्या येतात, थोड्याच दिवसांत फिकट पिवळी फुलपाखरं उडू लागतात. पानं कुरतडली जातात, पण आई फवारणी करू देत नाही, आणि झाड पुन्हा फुटतंच. लांब काळ्या शेंगा हिवाळाभर लोंबतात.

सांगली (पुन्हा)
विटेकरांचं बरोबर आहे, कोरड्या माळाला ताम्हण नकोच. ज्यांच्याकडे ओलीची जागा आहे त्यांनी सांगा. बी धरून ठेवलंय, पावसाळ्यात रोपं देतो.