ओडी म्हणजे एकदा की उजवा डोळा?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं ओडी, बीडी (दिवसातून दोनदा), टीडीएस (तीनदा) जगभर सारखंच असतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही हो! आपल्याकडे ओडी म्हणजे दिवसातून एकदा. अमेरिकेत मात्र ओडी म्हणजे उजवा डोळा, लॅटिन ऑक्युलस डेक्स्टरवरून. नावांचाही तोच घोळ. आपलं पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन, दम्याचं सालब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल. म्हणून मुलाकडे अमेरिकेला निघालेले काका-काकू माझ्या औषधाच्या दुकानात आले की मी ब्रँडशेजारी मूळ घटक आणि मिलीग्रॅम लिहून देतो. तिकडची आरएक्सनॉर्म ही यादीसुद्धा घटक, मात्रा आणि स्वरूप (गोळी की सिरप) धरूनच औषधाला क्रमांक देते. बाकी आपल्या काउंटरवर मी पाकिटावर सरळ १-०-१ लिहितो. सकाळी एक, दुपारी सुट्टी, रात्री एक. तरी एका आजींनी विचारलंच, "हा एकशे एक रुपयांचा हिशोब कसला?"